सीपॅपच्या चिठ्ठीवर ‘लाइफटाइम’ लिहिलंय, मग नवी चिठ्ठी कशाला?

एडिसन, न्यू जर्सीहून एका काकूंनी विचारलंय. थोडक्यात प्रश्न असा: “यजमानांना २०१२ पासून स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबण्याचा आजार) आहे, रोज सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावून झोपतात. आत्ताचं मशीन २०१८ चं. यंदा त्यांना ६५ पूर्ण झाली, ऑफिसचा इन्शुरन्स सुटला आणि मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, सुरू झालं. स्लीपचे जुने डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या चिठ्ठीवर ‘लेंथ ऑफ नीड ९९, लाइफटाइम’ असं स्वच्छ लिहिलंय, तरी नवा सप्लायर साधा मास्कसुद्धा देत नाही. आजन्म म्हणजे आजन्म ना? शिवाय हिवाळ्यात चार महिने आम्ही सांगलीला असतो. तिथे दुकानात चिठ्ठी कुणी विचारतही नाही. मग सगळं तिथूनच का आणू नये?”

काकू, सप्लायरकडच्या माणसाला तुम्हाला नीट समजावता आलं नसेल, पण या वेळी तो चुकलेला नाही. मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे. सतरा वर्षं याच कामात गेली, त्यातली अकरा रात्रपाळीत, म्हणजे लोकांना झोपलेलं बघण्यात. तुमच्या यजमानांच्या हातात आहे तसला कागद घेऊन वैतागलेली माणसं मी आठवड्याला दोन-तीन तरी बघते.

आधी तो ९९ चा आकडा. मेडिकेअरच्या जुन्या फॉर्मांवर ‘किती महिने गरज आहे’ असा एक रकाना असायचा. त्यात १ ते ९९ मधला आकडा घालायचा आणि ९९ म्हणजे आजन्म. ते फॉर्म १ जानेवारी २०२३ पासून बंद झाले, पण डॉक्टरांच्या हाताला पडलेलं वळण काही गेलं नाही. (९९ महिने म्हणजे सव्वाआठ वर्षं असा हिशेब करून ‘तुमची मुदत संपली’ म्हणणारा एक क्लार्कही मी पाहिला आहे. तो मात्र चुकला होता.)

आता मुद्दा. सीपॅपच्या चिठ्ठीवर दोन वेगळ्या गोष्टी एकाच शाईत लिहिलेल्या असतात. एक, या माणसाला या उपचाराची गरज आहे. दुसरी, मशीनने किती दाबाने हवा द्यायची तो आकडा. गरज बहुतेकांच्या बाबतीत खरोखरच आजन्म असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, आणि हवेचा दाब ती उघडी ठेवतो. मशीन काढलं की वाट पुन्हा मिटते, कारण सीपॅप आजार बरा करत नाही, रात्रीपुरता थोपवून धरतो. आकडा मात्र त्या वेळच्या शरीराचा असतो, त्या वेळचं वजन, नाक, हृदय, औषधं धरून काढलेला. डॉक्टर लाइफटाइम लिहितात ते पहिल्या गोष्टीबद्दल, आणि घरचे ते दोन्हींना लावून मोकळे होतात. सप्लायर अडवतो तो तिसऱ्याच कारणासाठी, पैसे कोण देणार म्हणून. या तिन्हींची सरमिसळ झाली की डोकं फिरतं, तुमचं फिरलंय तसं.

पैशांचा भाग आधी उरकू, कारण तुमची अडचण आज तीच आहे.

अमेरिकेत सीपॅप मशीन आणि मास्क डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, हा एफडीएचा, म्हणजे औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा नियम. चिठ्ठी किती काळ चालेल हे राज्य, इन्शुरन्स कंपनी आणि सप्लायर यांच्यावर असतं, त्यामुळे शेजारच्या शहांची जुनी चिठ्ठी चालली म्हणून तुमचीही चालेल असं नाही. मेडिकेअरमध्ये लाइफटाइम चिठ्ठीला तशी बंदी नाही. पण मशीन बदलायचं असेल, ऑर्डरमध्ये काही बदल असेल, किंवा सप्लायर बदलला आणि नव्याला जुनी ऑर्डर मिळवता आली नाही, तर नवी ऑर्डर लागते. शिवाय गरज अजून आहे याची नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत मागच्या १२ महिन्यांतली हवी. चिठ्ठी आजन्म असली तरी ती नोंद ताजी लागते.

तुमच्या यजमानांना आणखी एक पायरी आहे. दुसऱ्या इन्शुरन्सवर असताना सीपॅप सुरू झाला आणि नंतर माणूस मूळ मेडिकेअरमध्ये आला, तर मेडिकेअर दोन गोष्टी बघतं. पहिली, मेडिकेअरच्या निकषात बसणारा झोपेच्या तपासणीचा जुना रिपोर्ट. दुसरी, मेडिकेअर सुरू झाल्यानंतर डॉक्टरांची एक भेट, जिच्या नोंदीत ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया आहे आणि रुग्ण मशीन वापरतो आहे’ हे शब्द आलेले असतील. बस. नवी झोपेची तपासणी लागतेच असं नाही. हे तुम्हाला फोनवर कुणी सांगितलं नसणार, ‘नव्याने स्लीप स्टडी करा’ एवढंच सांगितलं असेल. (मेडिकेअर ॲडव्हान्टेज, म्हणजे खाजगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर, घेतलं असेल तर त्या कंपनीला फोन करून विचारा, त्यांचे सोपस्कार वेगळे असू शकतात.)

तेव्हा २०१२ चा तो रिपोर्ट शोधा. चिठ्ठी नव्हे, रिपोर्ट. चिठ्ठी कुणीही डॉक्टर पुन्हा लिहून देईल, २०१२ ची ती रात्र पुन्हा कुठून आणणार? लॅब बंद होतात, डॉक्टर निवृत्त होतात, फाइली कुठल्या तरी गोदामात जातात. निवृत्त डॉक्टरांच्या जागी जे कोणी आले त्यांच्याकडे आजच लेखी मागणी करा.

रिपोर्ट हाती आला की त्यातला एएचआय बघा, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला तो आकडा. मेडिकेअरला तो १५ किंवा जास्त लागतो. ५ ते १४ असेल तर सोबत दिवसा झोप येणं, रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात असं काहीतरी नोंदलेलं लागतं. यात एक खाचखळगा आहे, जो स्लीप लॅबबाहेर फारसा कुणाला माहीत नसतो. उथळ श्वास मोजताना मेडिकेअर तेव्हाच धरतं जेव्हा रक्तातला ऑक्सिजन ४ टक्के उतरतो. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१२ मध्येच शिफारस बदलली: ३ टक्के उतरला किंवा झोप चाळवली तरी धरा. त्यामुळे एकाच रात्रीचे दोन एएचआय निघू शकतात. तुमच्या यजमानांचा ४०-५० असेल तर काळजीच नको. पण १६-१७ असेल तर तो कोणत्या नियमाने मोजलाय ते रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरात पाहा. ४ टक्क्यांनी मोजल्यावर तो ९ वर आला, तर डॉक्टरांच्या नोंदीत रक्तदाबाचा उल्लेख असणं-नसणं यावर सगळं अडतं.

चिठ्ठी कोण लिहील ही काळजी सोडा. स्लीपचाच डॉक्टर हवा असं नाही. तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर, त्यांच्याकडच्या नर्स प्रॅक्टिशनर किंवा फिजिशियन असिस्टंटसुद्धा लिहू शकतात. स्लीपवाल्यांची अपॉइंटमेंट तीन-तीन महिने मिळत नाही म्हणून फाटक्या मास्कला चिकटपट्टी लावून झोपणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांचा फॅमिली डॉक्टर दर महिन्याला त्यांचा रक्तदाब तपासत असतो! त्यालाच सांगा. फक्त तपासणीच्या नोंदीत ‘रोज वापरतात, फायदा होतो, पुढेही गरज आहे’ हे त्याच्याकडून लिहून घ्या. नुसतं ‘स्लीप ॲप्निया, स्थिर’ असं खरडलं तर सप्लायर पुन्हा परत पाठवेल.

मशीन २०१८ चं, म्हणजे मेडिकेअर धरतं ती पाच वर्षं केव्हाच उलटली. नवं मागायला हरकत नाही. मेडिकेअर ते एकदम विकत घेऊन देत नाही, १३ महिने भाडं भरतं आणि मग मशीन तुमचं. मास्क तीन महिन्यांनी एक, नळी तीन महिन्यांनी एक, डोक्याचा पट्टा आणि पाण्याची टाकी सहा महिन्यांनी, कागदी फिल्टर महिन्याला दोन, हे कमाल प्रमाण आहे. इतकं मिळू शकतं, घ्यायलाच हवं असं नाही. घरात मास्कचा ढीग लागलाय आणि दर खेपेला २० टक्के पदरचे जाताहेत, अशी घरं खूप आहेत. सप्लायरने तुम्हाला न विचारता माल पाठवायचा नसतो. फोन आला तर ‘आत्ता नको’ म्हणा.

मशीन पहिल्या पिढीचं ड्रीमस्टेशन असेल तर मात्र हा परिच्छेद नीट वाचा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने ही मशीनं परत मागवली, कारण आतला आवाज कमी करणारा फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका होता. २०१८ ची बरीच मशीनं त्यातली आहेत. मशीनखालचा नंबर कंपनीच्या साइटवर घालून बघा. बदलून घेतलं असेल तर प्रश्न मिटला.

आता त्या दाबाच्या आकड्याकडे येते. माझ्या मते चिठ्ठीतला खरा जीव तिथे आहे आणि दुर्लक्षही सगळ्यात जास्त तिथेच होतं.

सीपॅप पहिल्यांदा १९८१ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला, सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांचं काम. पाच रुग्ण होते आणि प्रत्येकाला लागलेला दाब वेगळा, साडेचारपासून दहापर्यंत, सेंटिमीटर पाण्याच्या मापात. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा ज्याच्या-त्याच्या मापाचा उपचार आहे. चष्म्याच्या नंबरासारखा. चष्मा आजन्म लागेल हे खरं, म्हणून २०१२ चा नंबर आज कुणी घालतं का?

एक गृहस्थ आमच्याकडे आले. दाब १४. मधुमेहाच्या नव्या इंजेक्शनवर त्यांचं वजन वर्षभरात १८ किलो उतरलं होतं. तक्रार काय, तर सकाळी पोट नगाऱ्यासारखं फुगतं आणि ढेकरा थांबत नाहीत. दोन डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या होत्या. मशीनचं कार्ड (रोजच्या नोंदी साठवणारं) काढून पाहिलं तेव्हा कळलं, यांना आता ८-९ पुरतोय, वरची सगळी हवा पोटात चालली आहे. विस्कॉन्सिनमधल्या लोकांवरचा २००० सालचा मोठा अभ्यास आहे: वजन १० टक्के वाढलं तर एएचआय सरासरी ३२ टक्के वाढतो, १० टक्के घटलं तर २६ टक्के उतरतो. डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएने टिरझेपटाइड हे इंजेक्शन स्थूल माणसांच्या मध्यम आणि तीव्र स्लीप ॲप्नियासाठीच मंजूर केलं. त्यामुळे जुना दाब आणि नवं शरीर अशी गाठ यापुढे जास्तच पडणार.

“आमचं तर ऑटो आहे, ते आपोआप ठरवतं,” असं तुम्ही म्हणाल. ऑटोलाही वरची आणि खालची मर्यादा द्यावी लागते. ४ ते २० अशी सगळी मोकळी सोडलेली चिठ्ठी म्हणजे लिहिणाऱ्याचा आळस, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या अंगाच्या माणसाला ४ वर गुदमरल्यासारखं होतं, तो मास्क ओढून काढतो आणि घरच्यांना वाटतं याला मशीन सोसत नाही. मशीनच्या नोंदीत ‘९५ टक्के वेळ दाब इतका किंवा त्याखाली होता’ असा आकडा मिळतो (काही कंपन्या ९० टक्के धरतात). दोन-तीन महिन्यांचा तो आकडा घेऊन त्याच्या आसपास मर्यादा बसवायच्या. हे काम पंधरा मिनिटांचं आहे.

जास्त गंभीर गोष्ट हृदयाची. मशीन लावूनही श्वास थांबत राहिले तर नोंदीत ते दोन प्रकारात दिसतात: वाट मिटल्यामुळे थांबलेले, आणि वाट उघडी असूनही मेंदूने श्वासाचा हुकूम न दिल्यामुळे थांबलेले. दुसऱ्या प्रकाराला सेंट्रल म्हणतात. हार्ट फेल्युअरमध्ये किंवा अफूवर्गीय वेदनाशामकं चालू असताना हे वाढू शकतात. तिथे दाब वाढवला तर काही जणांत उलटाच परिणाम होतो. सेंट्रल थांबण्यासाठी एएसव्ही नावाचं हुशार मशीन निघालं होतं. २०१५ मध्ये सर्व्ह-एचएफ या चाचणीत दिसलं की ज्यांच्या हृदयाचं पंपिंग ४५ टक्के किंवा कमी आहे, त्यांच्यात ते लावल्याने हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले. आता विचार करा, एखाद्याकडे २०१३ मधली एएसव्हीची ‘लाइफटाइम’ चिठ्ठी आहे आणि मधे त्याला हार्ट अटॅक येऊन गेला. ती चिठ्ठी तशीच पुढे चालवायची का? साध्या सीपॅपला ही चाचणी लागू नाही, उगाच घाबरून यजमानांचं मशीन बंद करू नका. मला एवढंच म्हणायचंय की हृदयाचं काही झालं, पंपिंग उतरलं, वेदनांसाठी नवी जोरदार औषधं लागली, वजन दहा टक्के हललं, नाकाची शस्त्रक्रिया झाली, किंवा यजमान पुन्हा घोरायला लागले आणि दुपारी टीव्हीपुढे डुलक्या काढायला लागले, तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, आकडा पुन्हा तपासून घ्या. यातलं काहीच नसेल तर वर्षातून एकदा कार्ड दाखवलं तरी पुरे. मशीन लावून उरलेला एएचआय ५ च्या खाली, मास्कची गळती आटोक्यात, आणि दिवस ताजा जातोय, मग मीसुद्धा काही बदलत नाही.

आता सांगली.

तिथे दुकानात चिठ्ठी विचारत नाहीत हे बऱ्याच ठिकाणी खरं आहे. मास्कच्या बाबतीत मला त्याचं फार वाईट वाटत नाही. बहुतेक मास्क आणि साध्या नळ्या एकाच, २२ मिलिमीटरच्या जोडाच्या असतात, कंपनी वेगळी असली तरी बसतात. फक्त छोट्या प्रवासी मशीनची आणि आतून गरम होणारी नळी ज्याच्या-त्याच्या कंपनीचीच लागते. रोजचाच मास्क, तोच साइज मिळत असेल तर खुशाल घ्या. पेसमेकर किंवा डोक्यात धातूची क्लिप असेल तर लोहचुंबकाच्या चापाचा मास्क घेऊ नका, यजमानांना किंवा शेजारी झोपणाऱ्या तुम्हालाही. त्या चुंबकांबद्दल २०२२ आणि २०२३ मध्ये कंपन्यांनी स्वतःच इशारे दिले आहेत. सांगलीचं बिल मेडिकेअर देणार नाही, ते पैसे स्वतःचे धरा.

मशीन मात्र तिथून तसंच उचलू नका. चिठ्ठी न विचारणाऱ्या दुकानात दाब कोण लावतो? विक्रेत्याचा मुलगा, घरी पोचवायला येतो तेव्हा, ‘काकांना जड होतंय का, कमी करू?’ असं विचारत. माझ्या मावशीच्या घरी हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. पोरगा अगदी सालस होता, चहा पिऊन गेला, आणि जाताना ११ चा ७ करून गेला. मावशी खूश, कारण आता हवा लागत नव्हती. चार महिने ती मशीन लावून घोरत होती. तिथे मशीन घ्यायचंच असेल तर छातीच्या डॉक्टरांकडून दाब, मास्कचा प्रकार आणि साइज असं सगळं लेखी घ्या, आणि सेटिंग बदललं तर तारखेसकट त्याच कागदावर लिहायला लावा.

तुमचं इथलं मशीन तिथे नेणं हेच उत्तम. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असलं की फक्त पिन बदलायची, ट्रान्सफॉर्मर लागत नाही. विमानात हातातच ठेवा. अमेरिकेच्या नियमांनुसार ते सहाय्यक उपकरण आहे आणि केबिन बॅगेच्या संख्येत धरत नाहीत. टाकीतलं पाणी आधी ओता, नाहीतर ते मशीनमध्ये जाईल. चिठ्ठीची एक प्रत सोबत असू द्या. इथल्या मशीनचं मोडेम तिकडे नोंदी पाठवेलच असं नाही, म्हणून कार्ड आत आहे ना बघा, म्हणजे ते चार महिने गायब होणार नाहीत. मेडिकेअरचं नवं मशीन घेतलंत तर हे जास्तच जपा. पहिल्यांदाच सीपॅप सुरू करणाऱ्यांना पहिल्या तीन महिन्यांत सलग ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री किमान चार तास वापर दाखवावा लागतो आणि ३१ ते ९१ व्या दिवसाच्या आत डॉक्टरांना भेटावं लागतं. तुमचे यजमान जुने वापरणारे, त्यांना हे लागू आहे का ते सप्लायरकडून लेखी घ्या, आणि लागू असेल तर मशीन नोव्हेंबरात घेऊन डिसेंबरात विमानात बसू नका.

पाण्याचं म्हणाल तर डिस्टिल्ड मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर उकळून गार केलेलं, रोज बदलून. बोअरचं पाणी टाकीत घालू नका, आठवड्यात पांढरा थर बसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी श्वासासाठी नाही. हिवाळ्यात कारखाने चालू असतात, उसाच्या चिपाडाची काजळी गॅलरीत येते तशी फिल्टरवरही येते. इथे पंधरा दिवस चालणारा फिल्टर तिथे आठवड्यात काळा पडलेला दिसेल, म्हणून जाताना दहा-बारा घेऊन जा. त्यांना चिठ्ठी लागत नाही.